पालकांची सही

कापूस घरात आला की घराचा आवाज बदलतो. मधल्या खोलीत तो छताच्या हातभर खाली येईपर्यंत भरला जातो आणि मग तिथं काहीही बोललं तरी शब्द भिंतीवरून परत येत नाहीत, कापूस ते पिऊन टाकतो. लहानपणी मला हे फार आवडायचं. मोठ्यानं बोलायची मला कधी सवय नव्हती, आणि या खोलीत आलं की सगळेच माझ्यासारखे होऊन जायचे.

यंदाही खोली भरली आहे. मी जालन्याला एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. ओल्या कागदावर मांडलेल्या बिया उगवतात की नाही ते बघायचं, एवढंच काम. त्यात फारसं बोलावं लागत नाही. दिवाळी सरली की मात्र दर रविवारी गावी येते. परतूर सोडून आष्टीच्या रस्त्याला लागलं की दोन्हीकडे पांढरं दिसू लागतं. भरलेल्या टेम्पोंमधून उडालेले पुंजके रस्त्याकडेच्या बाभळींना अडकून राहिलेले असतात. कापसाला वास असतो हे शहरातल्या मैत्रिणींना पटत नाही. ऊन, धूळ, चुरगळलेलं वाळकं पान आणि मागून सरकीचा किंचित तेलकट वास. तो नाकात गेला की माझं दहावीचं वर्ष येऊन उभं राहतं, आणि त्या वर्षातली एक चिठ्ठी.

या रविवारी ओसरीवर चार-पाच माणसं बसली होती. नानांची माणसं. नाना म्हणजे आमच्या भागातले पुढारी. मी दहावीत होते तेव्हा ते पंचायत समितीवर होते, आता त्याहून मोठ्या निवडणुकीला उभे आहेत. त्यांच्या पत्रकावर सगळ्यात वर एकच ओळ आहे : लेकरू कुणाचं, आईबापाचं. खाली हात जोडलेला फोटो. मी चहाचा ट्रे घेऊन निघाले आणि आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आवाज ऐकून दारातच थांबले.

"नाना हे आज बोलून राह्यले असं न्हाई. आमच्या पोरीच्या शाळेत झाल्तं ना ते. त्या बाईनं पोरींना काय काय शिकिवलं, आन् आम्हाला इचारलंसुदिक न्हाई. मी उठून सांगितल्तं. भर सभेत."

"तुमीच का ते?" एक तरुण कार्यकर्ता म्हणाला. "नाना अजून सांगतेत भाषणात. एक शेतकरी बाप उठला म्हणून."

आबा हसले. ते हसू मी ओळखते. एवढ्या वर्षांत ही गोष्ट त्यांनी लग्नांत सांगितली, बाजारात सांगितली, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सांगितली. आणि बहुतेक वेळा मी अशीच कुठंतरी आतल्या बाजूला असते, हातात काहीतरी धरून.

त्यांना विचारलं होतं. सही त्यांनीच केली होती.

आमची इंग्रजी शाळा परतूरच्या बाहेर, मंठ्याच्या रस्त्याला होती. पिवळी बस सकाळी पारापाशी यायची. शाळेची निळ्या पुठ्ठ्याची डायरी असायची. तिच्यात रोज काहीतरी लिहून यायचं आणि खाली एक रेघ असायची, पालकांच्या सहीसाठी. सही नसली की हातावर पट्टी. आबा मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. सही मात्र झोकात करायचे, शेवटच्या अक्षराला खाली लांब शेपूट. शेतातून आले, हातपाय धुतले, की स्वतःच म्हणायचे, "आण गं डायरी." मी पान उघडून द्यायचे.

"काय म्हणतेत?"

"उद्या शनिवार. पांढरे बूट."

"आन् हे?"

"निबंध लिहून आणा."

मग खिशातलं पेन निघायचं, झाकण मागं लावलं जायचं आणि सही व्हायची. तेवढं एक मिनिट त्यांच्या तोंडावर पेरणी आटोपलेल्या माणसाचं समाधान असायचं.

सगळ्या घरांत हेच होतं. मुलीला इंग्रजी शाळेत घालणारा बाप आणि इंग्रजी कळणारा बाप ही आमच्याकडे दोन वेगळी माणसं होती. मधे आम्ही मुलं. डायरीत तक्रार आली की तिचं कौतुक करून सांगायचं, हे बसमधल्या प्रत्येकानं कधी ना कधी केलेलं होतं. माझ्यावर ती वेळ येत नसे. माझ्याबद्दल एकच गोष्ट लिहून यायची, मुलगी वर्गात बोलत नाही. तीही मी इमानानं वाचून दाखवायचे. आबा म्हणायचे, "मंग काय झालं. घरी तरी कुठं बोलती."

त्या वर्षी विज्ञानाला अर्चना मिस आल्या. नांदेडकडच्या, नोकरीत नव्या, परतूरला स्टेशनजवळ खोली घेऊन एकट्या राहणाऱ्या. फळा पुसताना ओढणी कमरेला खोचायच्या आणि तास संपेपर्यंत ती तशीच विसरायच्या. मला त्यांनी कधी उभं करून प्रश्न विचारला नाही. वहीत माझं उत्तर बरोबर आलं की समासात एक छोटी टिकली काढायच्या आणि मान वर करून माझ्याकडे बघायच्या. न बोलणाऱ्या मुलीशी कसं बोलायचं हे माहीत असलेलं शाळेत तेवढं एकच माणूस होतं.

दहावीच्या पुस्तकात प्रजननाचा धडा होता. आधीचे सर म्हणे "हा घरी वाचा" म्हणून पानं उलटायचे. मिस म्हणाल्या, मी शिकवणार. आणि मुलींसाठी दोन तास वेगळे घेणार, पुस्तकात नाही ते सांगायला. पाळी, अंगाची काळजी, कुणाचा हात नकोसा वाटला तर काय करायचं. "पण घरी विचारल्याशिवाय नाही," असंही त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येकीला एक चिठ्ठी मिळाली. मधे तुटक रेघ. वरचा भाग पालकांनी ठेवायचा, खालचा सही करून परत आणायचा. चिठ्ठी इंग्रजीत होती, कारण शाळेतून घरी जाणारा प्रत्येक कागद इंग्रजीत असावा असा शाळेचा नियम होता. त्या नियमाचा आमच्या घरांना अभिमानच होता.

ती चिठ्ठी मला अजून पाठ आहे. या दोन तासांत मुलींना वयात येणं, पाळी आणि शरीराची काळजी यांविषयी सांगितलं जाईल. आपल्याला आधी शाळेत येऊन काय शिकवणार ते बघता येईल. मुलीची आई तासाला येऊन बसली तरी आनंद होईल. आपली इच्छा नसेल तर तसं लिहावं, मुलगी ग्रंथालयात बसेल आणि तिला कुणी काही म्हणणार नाही.

चारच वाक्यं, आणि चारही मला कळत होती. इंग्रजीत ते शब्द परगावच्या माणसांसारखे होते. ओळख नाही, म्हणून लाज नाही. मराठीत आणले की ते लगेच घरचे व्हायचे. आईच्या कुजबुजीतले, कोपऱ्यात वेगळ्या ठेवलेल्या तांब्यातले, चार दिवस देवघराकडे न फिरकण्यातले. ते आबांसमोर काढायचे कसे?

गंमत अशी, की त्या वर्षी आमच्या शेतात कापसाच्या बियाण्याचा प्लॉट होता. नराच्या ओळी वेगळ्या, मादीच्या वेगळ्या. मजुरीच्या बाया संध्याकाळी मादीच्या कळ्या सोलून ठेवायच्या आणि सकाळी नराचं फूल त्यांच्यावर फिरवायच्या. पावसाळाभर आबा बांधावरून ओरडायचे, "अगं, नराच्या वळीत काय करून राह्यली? मादीकडं चल." बाया खुदखुदायच्या, आबांच्या काही ध्यानातही यायचं नाही. परागकण कुठून कुठं जातो आणि बी कसं धरतं, हे मला पुस्तकाआधी आबांनीच शिकवलं होतं, ऐन उन्हात, मोठ्या आवाजात.

मी चिठ्ठी घेऊन गेले तेव्हा ते याच खोलीत होते. वेचणीच्या बाया माप देऊन नुकत्याच गेल्या होत्या आणि आबा गठुडी सोडून कापूस ढिगावर टाकत होते. मावळतीचं ऊन खिडकीतून आत आलं होतं आणि त्यात तंतू तरंगत होते.

"आबा, सही."

"डायरी कुठंय?"

"डायरी न्हाई. चिठ्ठी हाय."

"काय म्हणतेत?"

"जादा तास हायेत. सायन्सचे."

"किती?"

"दोन."

"दोनच? काय कंजूष शाळा हाय." ते हसले. "पैसे लागतेत का?"

"न्हाई."

"मंग काय, बिलकुल जा. बाई चांगली दिसती तुमची."

त्यांनी हात पुसले, चिठ्ठी गुडघ्यावर धरली आणि सही केली. शेपटावर एक तंतू चिकटला. तो फुंकरीनं उडवला आणि कागद मला दिला.

ते खोटं नव्हतं. तास जादा होते, सायन्सचे होते, दोनच होते. मी फक्त उरलेलं गिळलं. वरचा अर्धा भाग घरी ठेवायचा होता. आबा पाणी प्यायला गेले तेव्हा मी तो फाडला, बारीक घडी केली आणि भिंतीच्या कडेनं कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून खुपसून दिला.

सकाळी बसमध्ये आम्ही मुली डोकी जवळ आणून बसलो.

"तू काय सांगितलंस गं?"

"रक्तगट तपासणारेत म्हणलं."

"मी सहल म्हणलं."

"अगं, मंग डबा?"

"दिला ना आईनं. सहा पोळ्या, शेंगदाण्याची चटणी. खा आता समद्या."

आम्ही हसून हसून वाकड्या झालो. मीही हसले. वैशाली नावाच्या मुलीनं तेवढं घरी खरं सांगितलं होतं. तिची आई आमच्याच गावात मजुरीला जायची. तिनं सगळं ऐकून घेतलं, "मला तर कुणी सांगणारं नव्हतं बाई," म्हणाली आणि अंगठा उठवून दिला. वैशालीची जीभ काही झडली नाही, घरावर काही कोसळलं नाही. म्हणजे सांगता येत होतं. हे मला तेव्हाच, बसमध्ये, चटणीचा घास तोंडात असताना कळलं होतं.

पहिला तास झाला. मिसनी दार लावून घेतलं, खिडक्या मात्र उघड्या ठेवल्या. सावकाश, रोजच्याच आवाजात त्या बोलत गेल्या. आम्ही बाकावरची कोरीव नावं वाचत ऐकलं. अर्ध्या तासानंतर माना हळूहळू वर आल्या. शेवटी त्यांनी खडूचा रिकामा खोका टेबलावर ठेवला. ज्यांना विचारता येत नाही त्यांनी लिहून टाका, नाव नको, पुढच्या तासाला उत्तरं देते. मी आयुष्यात पहिल्यांदा शाळेत स्वतःहून एक प्रश्न विचारला तो त्या खोक्यात. तो इथं लिहिणार नाही. साधाच होता, पण वर्षभर छातीवर घेऊन फिरत होते.

पुढचा तास झालाच नाही. एका मुलीच्या वहीतली आकृती तिच्या चुलत्यानं पाहिली आणि मोबाईलवर फोटो काढला. दोन दिवसांत तो आष्टीत होता, मंठ्यात होता, परतूरच्या कापूस बाजारात गाडीवर बसलेल्या माणसांच्या हातात होता. आकृती पुस्तकातलीच होती. पण पुस्तक घरात कुणी उघडून पाहिलं नव्हतं, आणि मोबाईल सगळेच बघत होते.

नाना वाईट माणूस असते तर हे लिहिणं सोपं गेलं असतं. ते मयतीला सगळ्यांत आधी पोचायचे आणि शेवटी निघायचे. कॉलेजला जाणाऱ्या मुलींसाठी सकाळची एसटी त्यांनीच भांडून सुरू करून घेतली होती. दारू नाही, शिवी नाही. पोरींनी नीट राहावं, घरचं वळण सोडू नये, असं ते प्रत्येक भाषणात म्हणायचे. मला त्याचा कंटाळा यायचा, पण ज्या बाया कुणाच्याच सभेला जायच्या नाहीत त्या नानांच्या सभेला डोक्यावर पदर घेऊन मागं उभ्या राहायच्या. त्यांच्या पक्षाला जन्मात मत न देणारी माणसंही म्हणायची, पक्षाचं जाऊ द्या, माणूस आपल्यासारखं बोलतो.

शनिवारी शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये पालकसभा भरली. ऐन वेचणीत सगळे आले. कुणाच्या सदऱ्याला, कुणाच्या मिशीला कापूस. एरवीच्या सभेत प्रिन्सिपल सर माइकवर निम्मं इंग्रजी बोलायचे आणि बापमंडळी पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत माना हलवायची. त्या दिवशी नानांनी माइक घेतला नाही. स्टेजवरची खुर्चीही नको म्हणाले. खाली सतरंजीवर, बापांच्या मधे, मांडी घालून बसले.

"मला एक सांगा," ते म्हणाले. "या शाळेत तुमच्याशी आजवर कुणी मराठीत बोललंय का? बराबर बसवून, तुमचं म्हणणं काय हाय, असं इचारलंय का?"

दोन-तीन टोप्या नाही म्हणून हलल्या.

"पोरगी तुमची, घाम तुमचा. आन् तिच्या डोक्यात काय घालायचं ते ठरवणार दुसरंच. पुस्तकात काय असावं, काय नसावं, हे मला बी कळत न्हाई. मी लई शिकलेला न्हाई. माझं येवढंच म्हणणं हाय, आईबापाला इचारा."

आम्ही मुली मागच्या बाजूला उभ्या होतो. त्या शेवटच्या वाक्यात मला तेव्हा काही चूक सापडली नाही. आजही सापडत नाही.

मिस उठल्या. "मी विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "प्रत्येकीच्या घरी चिठ्ठी पाठवली होती. सह्या आल्या आहेत."

एकच गलका झाला. कसली चिठ्ठी, आमच्याकडं न्हाई आली, कुणाची सही. आणि त्या गलक्यात आबा उभे राहिले. शाळेत ते कधी बोललेले नव्हते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली, पुन्हा घातली. सगळे गप्प झाले.

"बाई, मी रोज डायरीवर सही करतो," आबा म्हणाले. "एक दिवस चुकलेला न्हाई. पोरगी मला समदं वाचून दाखवती. असं काही आलं असतं तर मला कळलं असतं. मला कुणी इचारलेलं न्हाई."

मिसच्या हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. त्यांनी त्यावरचं रबर काढलं. अंगठ्यानं चिठ्ठ्या सरकवत गेल्या आणि एकीवर थांबल्या. लांबूनही मला ते शेपूट दिसल्यासारखं झालं. त्यांनी मान वर करून मागं, माझ्याकडे बघितलं. वहीत टिकली काढल्यावर बघायच्या तसंच.

चिठ्ठी आली होती, एवढंच म्हणायचं होतं मला. पण शेडमध्ये कापूस नव्हता. तिथं बोललेलं सगळ्यांना ऐकू गेलं असतं. मी खाली पायांकडे बघितलं. पांढरे बूट, शनिवारचे, आबांनी सकाळी खडू घासून दिलेले.

मिसनी रबर परत लावलं.

"तुमचं बरोबर आहे," त्या आबांना म्हणाल्या. "मी नीट विचारलं नाही. चूक माझी आहे." आणि गठ्ठा पर्समध्ये ठेवला.

त्यांनी ती चिठ्ठी वर धरली असती, तर आबा न वाचता येणाऱ्या कागदावर सह्या करतात हे भर सभेत उघडं पडलं असतं. आणि संध्याकाळी घरोघर मुलींचं काय झालं असतं, कुणास ठाऊक. मिसनी हे सगळं तोललं आणि मग गठ्ठा आत ठेवला, असं मी इतकी वर्षं मानत आले. किंवा त्या नुसत्याच दमल्या असतील, घाबरल्या असतील. त्यांना विचारायची संधी मी शोधली नाही.

"झालं," नाना म्हणाले. "बाईनं चूक कबूल केली. कुणाच्या पोटावर पाय द्यायचा न्हाई आपल्याला. इथून पुढं कागद मराठीत पाठवा म्हणजे झालं." टाळ्या पडल्या. चहा आला. नानांनी आबांच्या खांद्यावर हात टाकला आणि दोघं तसेच गेटपर्यंत गेले. आबांची पाठ त्या दिवशी इतकी ताठ होती, की त्यांच्या मागून चालताना मला रडू आलं. त्या शाळेत त्यांना कुणीतरी ऐकलं होतं, पहिल्यांदाच. आणि ते जे बोलले ते खरं नव्हतं, माझ्यामुळं.

सोमवारी मिस आल्या नाहीत. शाळेनंच त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं होतं. त्या तासांना प्रिन्सिपल सरांनीच होकार दिला होता, हे पुढं कळलं. सभेत तेही गप्प बसले होते, पण याचा मला दिलासा वाटत नाही. शिपाईमामा स्टेपलर घेऊन वर्गात आले आणि बाकाबाकावर जाऊन प्रत्येकाच्या पुस्तकातली ती पानं पिना मारून बंद करत गेले. बिचारे मान वळवून मारत होते, त्यामुळं एक-दोन पिना शेजारच्या धड्यालाही बसल्या. घरी जाऊन सगळ्यांनी आधी त्या पिना काढल्या. ती पानं त्या वर्षी जितकी वाचली गेली तितकी कधीच गेली नसतील. खडूचा खोका मात्र कुठं गेला, कळलं नाही.

शाळेचे कागद वर्षभर मराठीत आले. मग हळूहळू पुन्हा इंग्रजीत येऊ लागले. कुणी तक्रार केली नाही. पालकच म्हणत, इंग्रजी शाळेत घातलंय तर इंग्रजीच येणार.

फेब्रुवारीत कापूस विकला गेला. माणसं पायांनी तुडवून टेम्पोत कापूस भरत होती आणि मी पायरीवर बसून प्रत्येक गठुड्याकडे बघत होते. खरेदीदारानं मूठभर कापूस उचलून पिंजून पाहिला आणि म्हणाला, कचरा हाय थोडा.

"माझ्या कापसात?" आबा म्हणाले. "धुंडून बी सापडायचा न्हाई."

चिठ्ठी कुणाला दिसली नाही. कापसाबरोबर गेली.

या रविवारी नानांची माणसं चहा पिऊन निघून गेली. आबा आत आले आणि ढिगाच्या कडेला बसून वाळलेली पानं वेचू लागले. इतक्या वर्षांत तिथं बसून मी असंख्यदा मनात बोलले आहे. यंदा का तोंडातून निघालं, सांगता येत नाही. कदाचित त्या पोराच्या वाक्यामुळं. एक शेतकरी बाप उठला, हे आता शेकडो माणसांना सांगितलं जात होतं.

"आबा, ती चिठ्ठी आल्ती."

"कोणती?"

"अर्चना मिसची. तुम्ही सही केल्ती. हितंच, खिडकीपाशी. मी जादा तास म्हणलं होतं."

त्यांचा हात थांबला नाही. मी चारही वाक्यं म्हटली, मराठीत. पाळी हा शब्द आबांसमोर पहिल्यांदा उच्चारला. काही झालं नाही. कापसानं तोही पिऊन टाकला.

बराच वेळ ते पानं काढत राहिले.

"आईनं येऊन बसलं तरी चालंल, असं लिव्हलं व्हतं?"

"हो."

"आन् नको असंल तर नको म्हणा, असं बी?"

"हो."

"मी न्हाई म्हणलो असतो," आबा म्हणाले. मग थोड्या वेळानं, "पण मी म्हणलो असतो ना ते."

मीही ढिगातलं एक पान वेचलं.

"माझी सही त्या बाईच्या हातात व्हती? सभेत?"

"हो."

"आन् दाखविली न्हाई."

"न्हाई."

त्यांनी हातातली पानं चुरगळून खिडकीबाहेर टाकली. "कुठं असतेत आता त्या?"

"माहीत न्हाई."

"तू इचारलं न्हाईस कुणाला?"

"न्हाई."

ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते भिंतीला टेकून बसले, आणि पाठ ताठ नव्हती.

तेवढ्यात स्वरा आली, माझ्या भावाची मुलगी. चौथीत आहे, त्याच शाळेत. डायरीचा पुठ्ठा अजून निळाच आहे. तिनं पान उघडून आबांच्या मांडीवर ठेवलं आणि रेघेवर बोट धरलं.

"आबा, सही. हितं."

"काय म्हणतेत?"

"सोमवारी रंगपेटी आणा."

आबांनी खिशातलं पेन काढलं, झाकण मागं लावलं, हात रेघेवर नेला. आणि थांबले. डायरी उचलून त्यांनी माझ्याकडे दिली.

"वाच."

"सोमवारी रंगपेटी आणा," मी वाचलं.

"येवढंच?"

"येवढंच हाय आबा."

"बराबर वाच. पहिल्यापासून."

स्वरा आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. मी डायरी उजेडाकडे धरली आणि वरच्या तारखेपासून एकेक शब्द बोट ठेवून वाचत आले, खालच्या रेघेपर्यंत, त्या रेघेखाली छापलेल्या दोन शब्दांपर्यंत. वाचून मान वर केली. आबा डायरीकडं बघतच नव्हते. ते सगळा वेळ माझ्या तोंडाकडं बघत होते.